पाटी की पट? ग्राफिक डिझाइन आणि गेम डिझाइन यांतली निवड

ग्राफिक डिझाइन म्हणजे अक्षरे, चित्रे, रंग आणि मोकळी जागा यांची अशी मांडणी, की सांगायचे ते पाहणाऱ्याला चटकन आणि नेमके कळावे. गेम डिझाइन म्हणजे खेळाचे नियम ठरवणे. खेळणाऱ्याला काय काय करता येईल, ते केल्यावर काय घडेल, हार-जीत कशावर ठरेल आणि एक डाव संपल्यावर दुसरा मांडावासा का वाटेल, हे सारे त्यात येते. दोन्ही कामे संगणकावर होतात, दोन्हींच्या नावात ‘डिझाइन’ आहे आणि दोन्हींकडे वळणारी मुले बहुधा चित्रकलेची वही भरता भरताच तिकडे वळलेली असतात. म्हणून बारावीनंतर ही दोन क्षेत्रे एकमेकांना पर्याय म्हणून समोर ठेवली जातात. रोजचे काम, त्याला लागणारी बुद्धी, शिक्षणाची सोय आणि नोकरीचे गाव या चारही बाबतींत मात्र त्यांच्यात बरेच अंतर आहे. हे अंतर एकाच बाजारपेठेतल्या दोन उदाहरणांवरून स्पष्ट करता येते.

शहागंजातली पाटी

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात, निजामकालीन घड्याळाच्या मनोऱ्याभोवती शहागंजची बाजारपेठ पसरली आहे. तिथून सराफ्यातून सिटी चौकाकडे जाताना दुकानांच्या पाट्यांवर देवनागरी, उर्दू आणि रोमन अशा तिन्ही लिप्या भेटतात. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असेही ठरले.

हा नियम पाळून दहा फूट रुंद आणि तीन फूट उंच पाटी करायची झाली, तर काम वाटते तितके सरळ नाही. तीन लिप्यांना तीन ओळी दिल्या, तर प्रत्येक ओळीला १२ इंच उंची मिळते. रोमन मोठी अक्षरे ती उंची पूर्ण भरून काढतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार येतात. त्यांना जागा सोडली की मूळ अक्षराच्या वाट्याला जेमतेम सहा-सात इंच उरतात. उर्दूची नस्तालिक लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिचा शब्द तिरका खाली उतरत जातो, त्यामुळे तिला उंची आणखी लागते. पट्टीने मोजले तर तिन्ही ओळी सारख्याच भरतात, पण रस्त्यावरून पाहणाऱ्याला मराठी नाव बारीक वाटते.

आता डिझायनरला हिशोब करावा लागतो. रोमन ओळ लहान करायची, की उर्दू आणि रोमन शेजारी-शेजारी घेऊन देवनागरीला वरची निम्मी पाटी द्यायची? साइनबोर्डच्या धंद्यातला ढोबळ आडाखा असा, की दहा फुटांवरून आरामात वाचता यावे म्हणून अक्षर एक इंच उंच हवे. चाळीस फुटांवरून पाटी वाचली जाणार असेल, तर अक्षर चार इंचांपेक्षा लहान चालत नाही. म्हणजे सहा-सात इंचांचे अक्षर वाचले नक्कीच जाईल. प्रश्न उरतो तो तीन ओळींच्या आपसातल्या तोलाचा. शिवाय गर्दीच्या बाजारात शेजारची पाटी लाल-पिवळी असेल, तर याच पाटीला कोणता रंग उठून दिसेल, हेही पाहावे लागते. दुकानदाराची आवड, कायद्याची अट, छपाईचा खर्च आणि वाचणाऱ्याचा डोळा या चौघांना एका चौकटीत सांभाळणे, हे ग्राफिक डिझायनरचे काम. पाटी लागली की ते संपते. पाहणारा ती बदलू शकत नाही.

शहागंजातला खेळ

आता याच बाजारपेठेवर मोबाइलचा एक साधा खेळ रचायचा आहे, असे समजू. खेळणारा हातगाडीवाला आहे. शहागंजात माल भरायचा, सिटी चौकात उतरवायचा आणि दिवस मावळायच्या आत जास्तीत जास्त कमाई करायची. खेळातला दिवस १२० सेकंदांचा आणि अंतर ६० पावलांचे. एका गोणीला १० रुपये मिळतात. गाडीवर एक गोणी असेल तर वेग सेकंदाला पाच पावले, आणि पुढच्या प्रत्येक गोणीला वेग एका पावलाने घटतो. परतीचा वेळ हिशोबात धरलेला नाही.

कागदावर आकडे मांडले की चित्र उलगडते. एक गोणी घेऊन दिवसात १० फेऱ्या होतात आणि १०० रुपये मिळतात. दोन गोण्यांच्या आठ फेऱ्यांत १६०, तिनांच्या सहा फेऱ्यांत १८०, चारांच्या चार फेऱ्यांत पुन्हा १६० आणि पाचांच्या दोन फेऱ्यांत १००. म्हणजे तीन गोण्या हेच कायमचे उत्तर. खेळणाऱ्याला ते दुसऱ्या-तिसऱ्या डावात सापडते आणि त्यानंतर विचार करण्यासारखे काही उरत नाही. चित्रे कितीही देखणी असोत, हा खेळ आठवडाभरात मोबाइलवरून काढून टाकला जाईल.

गेम डिझायनर इथे नियमात हात घालतो. मागची एक गल्ली फक्त ४८ पावलांची आहे, पण अरुंद. दोनपेक्षा जास्त गोण्यांची गाडी तिच्यात शिरत नाही. गल्लीतून दोन गोण्यांच्या १० फेऱ्या होतात आणि २०० रुपये मिळतात. मात्र अधूनमधून कोणीतरी गल्लीत गाडी आडवी लावून ठेवतो आणि ती फेरी वाया जाते. एक फेरी बुडाली तर कमाई १८०, म्हणजे मोठ्या रस्त्याइतकीच. दोन बुडाल्या तर १६०. आता प्रत्येक फेरीला डोके लावावे लागते आणि खेळात जीव येतो. त्यात भर म्हणून घड्याळाचा मनोरा गल्लीच्या तोंडाशी दिसेल असा ठेवला, तर नकाशा न पाहता खेळणाऱ्याला दिशा कळते आणि काटे पाहून उरलेला वेळही समजतो. या सगळ्या कामात अजून एकही चित्र काढलेले नाही. चौकटी आखलेला कागद, गोण्यांसाठी शेंगदाणे आणि दोन मित्र एवढ्यावर हा खेळ तपासून पाहता येतो. व्यवसायातही हीच पद्धत आहे: आधी कच्चा नमुना, मग तो खेळणाऱ्यांच्या हाती देऊन निरीक्षण, मग आकड्यांत बदल, आणि पुन्हा तेच.

चित्र कोणाचे, नियम कोणाचे

सर्वांत मोठा गैरसमज इथेच असतो. चित्रकला चांगली असलेल्या मुलाला ‘गेम डिझायनर हो’ असे सांगितले जाते, तेव्हा सांगणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा गेम आर्टिस्ट असतो. गेम कंपनीत पात्रे, घरे, झाडे, कपडे, शस्त्रे तयार करणारा आर्टिस्ट वेगळा, त्यांना हालचाल देणारा ॲनिमेटर वेगळा, संगणकाची भाषा लिहिणारा प्रोग्रॅमर वेगळा आणि नियम, टप्पे, अवघडपणा ठरवणारा डिझायनर वेगळा. लहान कंपनीत एकाच माणसाकडे दोन-तीन कामे असतात. मोठ्या कंपनीत तर डिझायनरमध्येही पोटविभाग पडतात. कोणी फक्त टप्पे रचतो, कोणी फक्त लढाईचे नियम बघतो, कोणी फक्त खेळातल्या नाण्यांचा जमाखर्च सांभाळतो. डिझायनरचे बरेचसे काम एक्सेलच्या तक्त्यात आणि लिखाणात जाते.

ही विभागणी संगणकाच्या आधीची आहे. सावंतवाडीचे दशावतारी गंजिफा पत्ते पाहिले की ती कळते. गोल, हाताने रंगवलेली १२० पाने, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. पानावरचा मत्स्य किंवा परशू लांबूनही ओळखू यावा, ही चित्रकाराची करामत. पण निम्म्या रंगांत दश्शी वरचढ आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचढ, दिवसा डाव रामाच्या रंगाने सुरू व्हायचा आणि रात्री कृष्णाच्या, हे नियम रचणाऱ्याचे डोके. पाने सुरेख रंगवता येणाऱ्याला नियम सुचतीलच असे नाही, आणि नियम सुचणाऱ्याला ब्रश धरता यावा असेही नाही.

दोन्ही अंगे जुळून आली की काय होते, याचे जवळचे उदाहरण पुण्यातले आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये आला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे कंपनीचे संस्थापक. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी काम थांबले नाही. पहाडी चित्रशैलीचे रंग आणि राजस्थानी वास्तूंचा थाट खेळाच्या दृश्यांत उतरला. द गेम अवॉर्ड्सच्या २०२० सालच्या सोहळ्यात पदार्पणातल्या उत्तम खेळांच्या नामांकनांत त्याची निवड झाली. या खेळाचे कौतुक दृश्यांसाठी झाले तसे खेळण्यातल्या गमतीसाठीही, आणि त्या दोन्हींमागे वेगवेगळी कसबे होती.

काम कुठे मिळते

ग्राफिक डिझाइनचे काम गावातच मिळते, ही त्याची मोठी जमेची बाजू. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्स, क्लासच्या जाहिराती, निवडणुकीचे साहित्य ही रोजची कामे झालीच. त्यापलीकडे संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा इथल्या औद्योगिक वसाहतींमुळे औषधांची खोकी, लेबले, माहितीपत्रके, प्रदर्शनातले स्टॉल अशी कामे निघतात. शहरातून निघणाऱ्या दैनिकांना पानांची मांडणी करणारे लागतात. पैठणी आणि हिमरू विकणाऱ्यांना आता कॅटलॉग आणि इन्स्टाग्रामच्या पोस्ट हव्या असतात.

यात एक फरक ओळखावा लागतो. कोरलड्रॉवर ग्राहक सांगेल तसा मजकूर बसवून देणारा तो डीटीपी ऑपरेटर. त्याला दर नगाला पैसे मिळतात आणि ते वाढायला फारसा वाव नसतो. ग्राहकाला नेमके काय साधायचे आहे हे विचारून घेऊन त्याचे बोधचिन्ह, रंग, अक्षरे आणि वेष्टन एका सूत्रात बांधणारा तो डिझायनर. दोघांचे सॉफ्टवेअर एकच असू शकते. मोबदल्यातला फरक विचाराचा असतो. मराठीत अक्षराची जाण असलेल्यांची परंपराही मोठी आहे. नाटकांच्या नावांना कमल शेडगे यांनी दिलेली अक्षररूपे रसिकांच्या स्मरणात आहेत. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट र. कृ. जोशी यांचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने तयार केलेले ‘मोदक’सारखे फाँट कोणालाही विनामूल्य वापरता येतात. देवनागरी नीट हाताळणारा डिझायनर आजही मोजकाच सापडतो, आणि मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला ही संधी घरबसल्या आहे.

गेम डिझाइनची नोकरी मात्र बहुधा गाव सोडायला लावते. ‘मास्कगन’ आणि २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ करणारी सुपरगेमिंग पुण्याची. २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ आणणारी गेमशन नवी मुंबईची. हा खेळ १० कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झाला, तो पचिसीच्या घराण्यातल्या जुन्याच पटाच्या जोरावर. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे स्टुडिओ पुणे आणि मुंबईत आहेत. त्याखेरीज बंगळूरु आणि हैदराबाद ही मोठी केंद्रे. नवख्या डिझायनरसाठी थेट जागा कमी असतात. पुष्कळ जण खेळ तपासणारे टेस्टर, आर्टिस्ट किंवा प्रोग्रॅमर म्हणून शिरतात आणि नंतर डिझाइनकडे सरकतात.

शिक्षणाच्या वाटा

ग्राफिक डिझाइनसाठी राज्यातला रुळलेला मार्ग म्हणजे बीएफएची उपयोजित कला शाखा. अभ्यासक्रम चार वर्षांचा, प्रवेश राज्याच्या सामायिक परीक्षेतून. मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या जाहिरात व मुद्रण व्यवसायाला तिथून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मिळाली. संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला यासाठी मुंबई गाठावीच लागते असे नाही. शहागंजपासून जवळच, किलेअर्क भागात शासकीय कला महाविद्यालय आहे आणि शासकीय असल्याने तिथले शुल्क खासगी संस्थांच्या मानाने कमी आहे. एमजीएम विद्यापीठातही डिझाइनचे अभ्यासक्रम आहेत. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, तर हाताला वळण लागते.

डिझाइनची पदवी देणाऱ्या राष्ट्रीय संस्थांचा दरवाजा कला, वाणिज्य, विज्ञान या तिन्ही शाखांना खुला आहे. आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड परीक्षा त्या आयआयटीच्या आणि इतर काही संस्थांच्या बी.डेस. प्रवेशासाठी आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, १९६१ पासून आहे आणि तिची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. या परीक्षांत रेखाटनाबरोबर निरीक्षण आणि तर्कही तपासला जातो.

गेम डिझाइनसाठी अशी रुळलेली वाट अजून पडलेली नाही. एनआयडीच्या बंगळूरु केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. ॲनिमेशन, गेमिंग आणि संबंधित तंत्रांसाठी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था २०२५ मध्ये सुरू झाली. खासगी संस्थांत मात्र पारख करून घ्यावी लागते. नावात ‘गेम डिझाइन’ आणि वर्गात केवळ थ्रीडी सॉफ्टवेअर, असा प्रकार असतो. अभ्यासक्रमात नियमरचना, कच्चे नमुने, खेळून घेतलेल्या चाचण्या आणि प्रोग्रॅमरसोबतचा संयुक्त प्रकल्प आहे का, आणि आधीच्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेले खेळ प्रत्यक्ष खेळायला मिळतात का, एवढे विचारले तरी बरेचसे कळून येते. काही जण आधी संगणकशास्त्र, उपयोजित कला किंवा ॲनिमेशनची पदवी घेतात आणि गेम डिझाइन स्वतः शिकतात. गोडो हे खेळ बनवायचे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. यूनिटी आणि अनरियलही शिकण्यासाठी फुकट वापरता येतात.

जोखीम दोन्हीकडे

ग्राफिक डिझाइनमध्ये तळाचे काम झपाट्याने स्वस्त होत आहे. कॅन्व्हासारख्या सोयींवर दुकानदार स्वतःच सणाच्या शुभेच्छा तयार करतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मिनिटभरात दहा बोधचिन्हे मिळतात. छापायला जाताना रंग कसा उतरेल, जोडाक्षर कुठे तुटेल, औषधाच्या खोक्यावर कायद्याने काय छापलेच पाहिजे, हे जाणणाऱ्याचे काम टिकते. नुसती पोस्ट करून देणाऱ्याचे कठीण.

गेमच्या धंद्यात चढउतार मोठे असतात. युबिसॉफ्टने २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचे जाहीर केले, २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या माँट्रियलकडे गेले. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरातल्या गेम कंपन्यांनी हजारो माणसे कमी केली. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. रमी किंवा फँटसी क्रिकेटच्या कंपन्यांत काम करणाऱ्या डिझायनरांना त्याची झळ बसली. पैसे न लावता खेळायचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स या बंदीत येत नाहीत. पालकांशी बोलताना हा फरक स्पष्ट करणे उपयोगी पडते, कारण ‘गेमिंग’ म्हटले की घरच्यांच्या डोळ्यांपुढे जुगार येतो.

निवड कशी करावी

खेळ खेळायची आवड हा गेम डिझाइनसाठी पुरेसा पुरावा नाही, आणि चित्रकलेतली ‘अ’ श्रेणी हा ग्राफिक डिझाइनसाठीही नाही. पारख करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे दोन्ही कामे महिनाभर करून पाहणे. एका पंधरवड्यात ओळखीच्या दुकानाची पाटी, पिशवी आणि दरपत्रक एका सूत्रात करून, खरोखर छापून, दुकानदाराकडून चुका ऐकून घ्याव्यात. दुसऱ्या पंधरवड्यात कागदावरचा एक खेळ रचून पाच जणांना खेळायला द्यावा, नियम तोंडी न समजावता ते कुठे अडतात हे टिपावे आणि तीनदा बदल करावा. पहिल्या कामात अक्षराचे अंतर अर्ध्या मिलिमीटरने हलवताना वेळेचे भान राहत नसेल, तर कल ग्राफिक डिझाइनकडे आहे. दुसऱ्यात लोक आपला नियम मोडून भलत्याच युक्तीने जिंकले, याचा राग येण्याऐवजी गंमत वाटत असेल, तर गेम डिझाइनकडे.

परिस्थितीचाही विचार हवा. लवकर कमावण्याची गरज असेल आणि शहर सोडणे शक्य नसेल, तर ग्राफिक डिझाइनमध्ये शिकता शिकता कामे मिळतात. तीन-चार वर्षे अनिश्चितता सोसायची तयारी असेल, गणिताची भीती नसेल आणि चार जणांच्या चमूत राहून स्वतःची कल्पना रद्द झालेली चालत असेल, तर गेमची वाट धरता येते.

एक वाट निवडली म्हणून दुसरी कायमची बंद होत नाही. खेळातले मेनू, बटणे, चिन्हे, गुणांचे फलक तयार करणारे यूआय डिझायनर हे मुळात ग्राफिक डिझायनरच असतात आणि प्रत्येक गेम कंपनीला ते लागतात. उपयोजित कलेची पदवी घेऊन त्या कामातून आत शिरणे आणि तिथे नियमरचना शिकणे, हा मार्ग मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला सर्वांत कमी खर्चाचा पडतो. उलट्या दिशेने येणेही सोपे आहे, कारण पडद्यावर माणसाचा हात कुठे थबकतो हे गेम डिझायनरला ठाऊक असते, आणि मोबाइल ॲप करणाऱ्या कंपन्यांना नेमकी हीच जाण हवी असते. दोन्हीकडे नोकरी देणारा शेवटी प्रमाणपत्राआधी पूर्ण केलेले काम मागतो: ग्राफिक डिझायनरकडे छापून झालेले आठ-दहा नमुने आणि गेम डिझायनरकडे शेवटपर्यंत खेळता येणारे दोन-तीन छोटे खेळ.